उभ्या खिंडीतली डहाळी

रविवार, ५ नोव्हेंबर २००६

गाईडनं रोज वही लिहावी, दिसलेली जनावरं आणि पक्षी टिपावेत, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. ती वही महिनाअखेरीला ऑफिसात जमा होते. ही तसली नाही. हिच्यात मी माणसं टिपणार आहे आणि ही कुणाला दाखवणार नाही.

आज ओळखपत्र मिळालं. 'स्नेहल केरबा मोहिते, मार्गदर्शक, क्रमांक ११.' राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर आम्ही अकरा गाईड. दहा बाप्ये आणि अकरावी मी. फोटोत मी चिडल्यासारखी दिसते, कारण फोटोवाला "हसा की ताई" म्हणाला होता.

उद्यानाच्या वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, "वाट माहिती आहे ना?" मी म्हटलं, "साहेब, या वाटेनं मी शाळंला जात हुतो." साहेब हसले. ते विदर्भातले, इथं येऊन दीड वर्ष झालं. बाईनं 'जातो, येतो' म्हटलं की त्यांना अजून गंमत वाटते. आमच्याकडं बायका असंच बोलतात, त्यात दात काढण्यासारखं काय आहे?

आमचं गाव आंबेखोल. उद्यान झालं आणि आठ वर्षांपूर्वी गाव उठवून जयसिंगपूरच्या पुढं सपाटीला वसाहतीत नेऊन बसवलं. मी तेव्हा सोळाची. तिकडं काळी जमीन, चारी बाजूंनी ऊस, आणि डोंगर म्हणून बघायला काहीच नाही. उद्यानात पर्यटकांना उभ्या खिंडीपर्यंतच सोडतात. त्या खिंडीतून खाली आंबेखोल दिसतं. छपरं गेली, भिंती आहेत, आमच्या दारातला फणस आहे. हे कार्ड गळ्यात असलं की मला तिथं रोज जाता येतं आणि कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून मी गाईड झाले. साहेबांना मात्र 'निसर्गाची आवड' असं लिहून दिलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून रविवारी संध्याकाळच्या एस.टी.नं वसाहतीत गेले. मलकापूर, कोल्हापूर, जयसिंगपूर, तीन गाड्या बदलल्या. एरवी मी फाटकाजवळच्या गावात आक्कांच्या घरी भाड्यानं राहते.

घरात पाय टाकला न टाकला तोच आईचं सुरू. "पोरी, बाप्यांच्या मागं डोंगरात हिंडतीस, उद्या बघायला येणारा पावणा इचारल, मुलगी काय करती, तर काय सांगू?"

"सांग, गवं राखती."

आई चिडली. आबा कोपऱ्यात बसून होते. ते माझ्या नोकरीवर बोलतच नाहीत. गाव सोडताना ते म्हणाले होते, "माज्या गावात मी तिकीट काढून पाय ठेवनार न्हाय," आणि ते अजून त्याच शब्दावर आहेत. पण त्यांना चौकशा फार. टाक्यात पाणी आहे का. वरच्या कातळाच्या सड्यावर गवत किती उंच आलंय. खिंडीच्या अंगाला अंजनीची दोन झाडं होती, दोन्ही आहेत का एक पडलं. मी म्हटलं, "आबा, एवढी काळजी हाय तर या की एकदा." तर उठून उसात गेले. म्हातारपणी माणसाला नसत्या चौकशा लागतात.

रविवार, १९ नोव्हेंबर

आज दोन गट. पहिला इचलकरंजीचा. फाटकातून आत येऊन दहा पावलं झाली नाहीत तर एक जण म्हणतो, "ताई, वाघ कुठाय?" मी म्हटलं, "पावणं, त्याला सांगितलं न्हवतं तुमी येनार म्हणून." दुसऱ्या एकाच्या मोबाइलवर दर पाच मिनिटांनी भजन वाजत होतं, सिग्नल नसताना. गजर लावला होता म्हणे. शेकरू दिसलं, ककणेरांची, म्हणजे धनेशांची जोडी दिसली, आणि ओढ्याच्या पलीकडं सात गवे. गवे बघून मात्र सगळे गप्प झाले. एवढं मोठं जनावर तोंड वर करून आपल्याकडं नुसतं बघत राहतं, तेव्हा भल्याभल्यांचा आवाज जातो. मला ते फार आवडतं.

आकाराम मामा आजही मागं होते. ते आमच्याच आंबेखोलचे. गाव उठलं तेव्हा सगळे ट्रकमध्ये बसले आणि हे खात्यात वनमजूर म्हणून राहिले. आबा तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. माझा गट निघाला की मामा काठी घेऊन शंभर पावलांवर मागून चालतात. बाकीच्या दहा गाईडांच्या मागं जात नाहीत, फक्त माझ्या. साहेबांनी नजर ठेवायला लावलंय, दुसरं काय? ठेवा म्हणावं.

रविवार, २६ नोव्हेंबर

चूक केली. आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

आज कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका निसर्ग मंडळाचे बावीस जण होते. त्यांचे म्होरके शशिधर सर, क्लासेस घेतात, गळ्यात मोठा कॅमेरा. माणूस अभ्यासू. मला दोन गवतांची नावं त्यांनीच सांगितली. मीही जोरात होते. फाटकावर ठणकावून सांगितलं, इथलं पान तोडायचं नाही, फूल तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही.

उभ्या खिंडीत देव आहे. शेंदूर नाही, नाव नाही, नुसता उभा दगड. आम्ही त्याला 'खिंडीतला' म्हणतो. खिंड चढून आलेल्यानं एक हिरवी डहाळी मोडायची, त्याच्यापुढं ठेवायची आणि म्हणायचं, "दमणूक हितं ऱ्हाऊ दे." आंबेखोलचं माणूस डहाळी न ठेवता खिंड ओलांडत नाही. ट्रेनिंगनंतर मी स्वतःला बजावलं होतं की आता फक्त हात जोडायचे, आणि तीन आठवडे तसंच केलं. आज चढताना एका बाईंना धाप लागली, त्यांची बॅग मी घेतली, पाण्याची कॅन घेतली, वर पोचले तेव्हा माझाच जीव कासावीस झाला होता. आणि हात गेला. अंजनीची डहाळी मोडून देवापुढं ठेवून मोकळी झाले, तोंडानं 'दमणूक हितं ऱ्हाऊ दे' म्हणून झालं, तेव्हा मागं कॅमेऱ्याचा आवाज आला.

शशिधर सर म्हणाले, "ताई, मघाशी तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय, सांगितलं."

"मग हे काय?"

मी खाली मान घालायला पाहिजे होती. मी म्हटलं, "हे आमचं हाय. तुमच्या आदीपास्नं हाय." बावीस माणसांसमोर.

डहाळी मोडली ही चूकच. अंजनी वाढायला किती वर्षं घेते मला माहीत आहे. पण सरांनी 'हे काय' म्हणताना देवाकडं बोट केलं, ते मला अजून टोचतंय.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

तक्रार आली, फोटोसकट. फोटोत माझा हात आणि डहाळी स्पष्ट, देव अर्धाच आलाय.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'अंधश्रद्धेच्या प्रभावाखाली मी वनसंपदेचे नुकसान केले. पुन्हा असा प्रकार करणार नाही.'

मी म्हटलं, "पयल्या दोन शब्दांवर काट मारा, बाकी सगळ्यावर सही करतो."

"तो भाग महत्त्वाचा आहे. लोकांना उत्तर द्यावं लागतं."

"डहाळी मी मोडली, देवानं मागितली न्हवती. त्याला कागदात घालू नका."

साहेब चिडले. म्हणाले, आत्ताच्या आत्ता कार्ड रद्द करतो. तेवढ्यात दारात उभे असलेले आकाराम मामा मध्ये बोलले, "साहेब, काढू नगा. पंधरा दिस गाईडचं काम बंद ठेवा. खिंडीत रानमोडी उपटायला मानसं कमी हायत, तितं लावा तिला. उतरंल मस्ती." साहेबांना ते पटलं. कार्ड ड्रॉवरमध्ये गेलं. १४ तारखेपर्यंत सही केली तर परत, नाहीतर कायमचं बंद.

गावचा माणूस म्हणून मामा म्हणायचं, आणि हा भर ऑफिसात माझी मस्ती उतरवतोय. आबांचं बरोबर होतं त्याच्याबद्दल.

सोमवार, ४ डिसेंबर

वसाहतीत गेले नाही. काय तोंड दाखवू?

तीन दिवस रानमोडी उपटतेय. ही वनस्पती इथली नाही, बाहेरून आली आणि पसरली. गाव उठल्यावर आमच्या शेतात हीच माजली. हिच्याखाली गवत येत नाही, गवत नाही म्हणून गवे खाली उसात उतरतात आणि मग लोक गव्यांच्या नावानं ओरडतात. फुलून बी धरायच्या आत मुळासकट काढावी लागते. कोवळी लगेच येते, जुनी दोघांनी ओढली तरी हलत नाही. पानं चुरगळली की उग्र वास येतो, तो हाताचा जात नाही. आक्कांनी मला काल न्हाणीत लिंबाच्या साली नेऊन दिल्या.

मामांनी मला बरोबर देवाच्या पुढ्यातला तुकडा दिलाय. बाकीचे मजूर खाली, मी वर एकटी. शिक्षाच ती.

गुरुवार, ७ डिसेंबर

आज मामांशी कडाक्याचं भांडण. मी उपटलेली रानमोडी कडेला टाकत होते, हा माणूस ती उचलून देवापुढं नेऊन रचत होता.

"मामा, देवासमोर कचरा टाकताय? लाज वाटत न्हाय?"

"मग कुटं टाकू?"

"कुटं बी टाका. तितं डहाळी ठेवत्यात मानसं."

"हिरवं हाय की हे बी," असं म्हणून त्यांनी अजून एक पेंढी ठेवली आणि विडी काढली. मग विडी परत खिशात घातली, आत ओढायला बंदी आहे म्हणून. "उपटल्याबद्दल शाबासकी मिळतीय, मोडल्याबद्दल शिक्षा," असं काहीतरी पुटपुटले. खात्याची नोकरी करून माणसाचं डोकं कामातून जातं.

रविवार, १० डिसेंबर

मला आज एक गोष्ट सुचली! सकाळी भाकरी खाताना एकदम सुचली. हिरवी डहाळीच ठेवायची ना? मग रानमोडीची ठेवायची. खिंड चढून आलेल्या प्रत्येकानं एक रानमोडी मुळासकट उपटायची आणि देवापुढं ठेवायची. नियम मोडत नाही, उलट खात्याचंच काम होतं. वर्षाला हजारो पर्यटक येतात. हजारो रानमोड्या! देवाचं देवाला आणि जंगलाचं जंगलाला. ही इतकी सोपी गोष्ट कुणाच्या डोक्यात कशी आली नाही?

मामांना सांगितलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून खोकत बसले.

मंगळवार, १२ डिसेंबर

काल वसाहतीत आबांना सांगायला नको होतं.

मी सगळं सांगितलं, तक्रार, कागद, कार्ड, रानमोडी. आबांनी ताट बाजूला सारलं. "खिंडीतल्याला रानमोडी? आपल्या शेताचं वाटोळं जिनं केलं, ती त्याच्यापुढं ठेवनार तू?"

"मग काय ठेवू, आबा? दुसरं कायबी मोडलं तर कार्ड जातंय."

"ठेवू नगंस. कुनी सांगितलंय ठेवायला?"

"आठ वर्सं कुनीच ठेवली न्हाय. गाव उठलं आनि देवाला एक पान न्हाय मिळालं. ते चालतंय व्हय तुमाला?"

आई मध्ये पडली. आबांनी भिंतीकडं बघत विचारलं, "अंजनी किती ऱ्हायल्यात म्हनालीस?" मी महिनाभर तेच सांगतेय, दोन्ही आहेत. मला रडू आलं आणि रागही आला. सकाळी त्यांच्याशी न बोलता निघाले.

गुरुवार, १४ डिसेंबर

सही केली नाही.

रानमोडीचं सांगितलं तर साहेब म्हणाले, "राष्ट्रीय उद्यानात पूजाअर्चा चालू करायची आहे का तुम्हाला?"

"पूजा न्हाय. उपटायची आनि ठेवायची."

"स्नेहलताई, तुमच्यासारखी वाट कुणाला माहिती नाही, मला मान्य आहे. एक सही करा. दोन शब्दांनी काय होतं?"

"तेच म्हनतो मी. दोन शब्दांनी काय होतंय? काडा की."

त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. त्या फाइलवर माझं नाव. बाहेर आले तेव्हा दहा गाईडांपैकी दोघं फाटकावर उभे होते, त्यांनी नजर चुकवली. आता मला खिंडीत जायचं तर तिकीट काढावं लागणार आणि दुसऱ्याच्या मागून चालावं लागणार. चालेन. वाईट एवढंच वाटतं की आबा म्हणतील, मी सांगत नव्हतो?

शुक्रवार, २२ डिसेंबर

आक्कांच्या फोनवर आईचा फोन. ओरडून बोलत होती, बूथवर गर्दी असावी. "तुज्या बापानं टेंपो ठरवलाय! रव्वारी येतोय सगळी!"

"कुटं?"

"कुटं म्हंजे? डोंगरात!"

पुढचं कळायच्या आत फोन कट झाला.

रविवार, २४ डिसेंबर

बोटं आखडलीत तरी लिहिते.

सकाळी नऊला टेंपो आला. वसाहतीतली एकतीस माणसं. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, आबांच्या डोक्याला फेटा. आबा सरळ तिकिटाच्या खिडकीपाशी गेले. मी मागून म्हटलं, "आबा, तुमी म्हनाला हुता..." ते म्हणाले, "म्हनालो हुतो. गप ऱ्हा." त्यांनी एकतीस तिकिटं मागितली आणि मग मागं वळून माझ्याकडं बघून म्हणाले, "बत्तीस."

गाईडशिवाय आत सोडत नाहीत. दहाही गाईड पर्यटकांबरोबर गेलेले. खिडकीतला कारकून म्हणाला, थांबावं लागेल. तेव्हा आकाराम मामा काठी टेकत पुढं आले, "मी हाय खात्याचा, मी नेतो." आबा आणि मामा आठ वर्षांनी समोरासमोर. मला वाटलं आता काहीतरी होणार.

आबा म्हणाले, "म्हातारा झालास की रं."

मामा म्हणाले, "तू काय कवळा ऱ्हायलाईस व्हय?"

"चल. हो म्होरं."

खिंड चढून वर गेल्यावर आई खाली बघून मटकन बसली. आंबेखोल दिसत होतं. एकेकानं आपापलं घर बोटानं दाखवलं, ज्यांच्या भिंती पडल्यात त्यांनी जागा दाखवली. आबा अंजनीजवळ गेले, दोन्हींवर हात ठेवून आले. मग रानमोडीच्या एका जुन्या झुडपाला त्यांनी हात घातला. ते हलेना. मामांनी दुसरीकडून धरलं. दोघांनी मिळून उपटलं, माती उडाली, आबांचा फेटा सुटला.

गावात भजन म्हणणारे म्हातारे बुवा सोबत होते, ते कुरकुरले, "केरबा, देवाला ही चालंल का?"

आबांनी झुडूप देवापुढं ठेवलं. म्हणाले, "आपुन गेलो, ह्यो हितंच ऱ्हायला. आठ वर्सं ह्येच्याभोवती हीच हुती. आता आपुन काडाय लागलोय, एवढं कळंल त्याला." आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "दमनूक हितं ऱ्हाऊ दे."

मग सगळ्यांनी सुरुवात केली. बायकांनी पदर खोचले. इतर पर्यटक थांबून बघत होते, त्यातली सात-आठ जणं आपणहून हात लावायला आली. दुपारी साहेब स्वतः वर आले. कुणीतरी कळवलं होतं. त्यांनी ढीग बघितला, मोकळी झालेली खिंड बघितली, मग अंजनीच्या झाडांभोवती एक चक्कर मारली. एकही डहाळी मोडलेली नव्हती.

"हे कुणी सांगितलं करायला?"

मी म्हटलं, "मी."

ते तसेच खाली उतरून गेले.

गुरुवार, २८ डिसेंबर

आज शशिधर सरांचं पत्र ऑफिसात आलं. मामांनी तोंडी सांगितलं. 'तक्रार मागे घेत नाही, डहाळी मोडणे चूकच. मात्र रानमोडीची पद्धत चांगली आहे. आमचे मंडळ दर महिन्याला येईल, आणि याच गाईड असाव्यात.' तक्रार मागं घेत नाही म्हणे! माणूस हेकट आहे, पण सरळ आहे. त्यांना मी न चिडता वाट दाखवीन.

सरांना रानमोडीचं कुणी कळवलं, ते पत्र साहेबांना कुणी वाचायला लावलं, रविवारी हात लावलेल्या पर्यटकांची नावं-पत्ते कुणी लिहून घेतले, कोण जाणे. मामांच्या खिशात चुरगळलेली यादी होती, पण ती मजुरांच्या हजेरीची असणार.

संध्याकाळी मामा आक्कांच्या दारात आले. एका हातात माझं कार्ड, दुसऱ्यात साहेबांचा नवा कागद. 'अंधश्रद्धा' गेली होती. आता एकच ओळ होती: 'गट घेऊन जाताना मी उभ्या खिंडीत थांबणार नाही.' खाली सहीची जागा.

"सही कर आनि घे कार्ड," मामा म्हणाले.

"न्हाय करत."

"बरं. पेन हाय माज्याकडं." त्यांनी पेन काढून दिलं. "कागुद मागनं कोरा हाय."

"सही करत न्हाय म्हनलं की मी, मामा."

"ऐकलं. मागनं कोरा हाय, एवढंच सांगतोय." आणि उंबऱ्यावर बसून राहिले. म्हातारा हलेचना.

मी कागद उलटा केला आणि लिहिलं:

'प्रति, साहेब. गट घेऊन जाताना मी उभ्या खिंडीत थांबेन. माझ्या गटातला प्रत्येक जण एक रानमोडी मुळासकट उपटेल आणि आमच्या रीतीप्रमाणे ठेवेल. हिरवी डहाळी कुणी मोडणार नाही, मीही नाही. अंजनीची दोन्ही झाडं आणि खिंड यांची जबाबदारी माझी. मान्य असल्यास खाली सही करावी.'

खाली रेघ ओढली आणि त्या रेघेखाली साहेबांचा हुद्दा लिहिला. माझ्या सहीसाठी जागाच ठेवली नाही.

मामांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. कार्ड परत न्यायला हवं होतं, सहीशिवाय द्यायचं नाही असा हुकूम असणार. ते कार्ड उंबऱ्यावरच ठेवून गेले. विसरले बहुतेक.

साहेबांनी सही करायला आठ दिवस लावोत नाहीतर महिना लावो. उद्या सकाळी सातला फाटकावर गारगोटीचा गट येणार आहे, चौदा माणसं. मी त्यांच्यापुढं असेन.